दोन दिशांचे ओरखडे

एका खडकाला मी मुद्दाम कमी गुण दिले. एवढं एक वाक्य लिहायला मला काही वर्षं लागली, आणि आता लिहून झाल्यावर ते फारच किरकोळ दिसतंय. खडकाला कसले गुण, आणि कमी दिले तर त्याचं काय बिघडतं, असं कुणीही विचारेल. खडकाचं बिघडलं. एका माणसाचंही बिघडलं. तेव्हा हे सगळं पुढचं मला दिसत होतं असं नाही. पण मी करतोय ते खोटं आहे आणि ते मी हेव्यापोटी करतोय, एवढं मात्र मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं.

सिंगापूरमध्ये सप्टेंबर आला की सकाळी उठून मी आधी खिडकी उघडतो आणि हवेचा वास घेतो. शेजारच्या बेटांवर रानं जळतात, दलदलीची जमीन आतल्या आत धुमसत राहते, आणि वारा तिकडून असला की तो धूर समुद्र ओलांडून आमच्या बाराव्या मजल्यावर येतो. इथं त्याला सगळे हेझ म्हणतात. काही वर्षी तो येतच नाही. यंदा आला. ओलं सरपण पेटवल्यावर येतो तसा वास, घशात खवखव, आणि समोरचा ब्लॉक पुसट होत होत त्याच्यामागचा ब्लॉक नाहीसाच झालेला. माझी मुलगी इरा शाळेचे बूट घालताना इथल्या लाह लावायच्या इंग्रजीत म्हणाली, "हेझ अगेन लाह, बाबा," आणि खणातून मास्क काढून निघून गेली. तिच्यासाठी हा नुसता एक मोसम आहे. मला मात्र या वासानं दरवेळी आयुष्यातली सगळ्यांत स्वच्छ हवा आठवते. खडकाला गुण दिले त्या वर्षी मी हिमालयातून उतरलो तो थेट या धुरात. तेव्हापासून ती हवा आणि हा धूर माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसले आहेत.

मी हिमनद्यांचा अभ्यास करतो आणि विषुववृत्तावर राहतो. माझा मेहुणा यावरून मला दर दिवाळीत टोमणा मारतो, की पुढच्या वर्षी वाळवंटात मासे धरायचं जाळं विणायचा क्लास काढ. बुकित पंजांगला आमच्या घराजवळ जुनी दगडाची खाण आहे, तिच्यात आता तळं झालंय. खडक बघायचा झाला तर रविवारी तिथं जायचं, एवढीच इथली सोय. इथली सर्वांत उंच टेकडी पुण्याच्या माणसाला टेकडी म्हणून सांगायचीही लाज वाटते. पण विद्यापीठात नोकरी इथं मिळाली, आणि बर्फ वर्षातून एकदा विमानानं जाऊन भेटायचा असं ठरून गेलं.

त्या वर्षी एक वेगळं काम आलं होतं. हिमाचलातलं एक खोरं, जिथं माणसांचा वावर फार नाही आणि कायद्यानं संरक्षणही आहे, तिथं थोड्या लोकांना, ठरावीक वाटेनं, हिमनदीनं घडवलेली जमीन दाखवता येईल का, हे वनखात्याला हवं होतं. भू-पर्यटन म्हणतात त्याला. लोकांनी नुसतं बर्फासमोर उभं राहून फोटो काढू नयेत, तर हा डोंगर असा का, हे समजून घेऊन परत जावं, अशी त्यामागची कल्पना. आम्ही खोऱ्यातली एकेक जागा बघायची आणि तिला गुण द्यायचे. शास्त्राच्या दृष्टीनं मोल किती, दिसायला कशी, पोचायला सोपी का, आणि पावलांनी किती लवकर खराब होईल. चांगले गुण मिळालेल्या जागेला पाटी लागणार, कुंपण होणार, वाट तिला वळसा घालून जाणार. ज्या जागेला गुण नाहीत ती नुसती जमीन. तिच्यावरून काहीही जाऊ शकतं.

गुण द्यायची एक रीत मीच घालून दिली होती. जागा सकाळी बघायची आणि संध्याकाळी परत येऊन गुण द्यायचे, कारण तिरप्या उन्हात खडक वेगळं बोलतो. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, आणि देताना पाठमोरं बसायचं. एकमेकांचा चेहराही दिसता कामा नये. मग खाली आल्यावर जिथं फार फरक असेल तिथं समोरासमोर बसून बोलायचं. मला या रीतीचा अभिमान होता. परिषदांमध्ये मी ती मिरवायचो.

पाठमोरी बसणारी दुसरी व्यक्ती म्हणजे केतकी. नाशिकची, पुण्यात शिकलेली. पीएचडीनंतर माझ्याकडे संशोधनाला आली ती मीच निवडलेली. खोली मिळेपर्यंत काही आठवडे आमच्याकडेच राहिली, इराच्या खोलीत गादी टाकून. मला ती सर म्हणायची, माझ्या बायकोला, मृणालला, ताई. पहिल्याच आठवड्यात तिनं मृणालकडून स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि आमच्या घरात कित्येक वर्षांनी शेंगदाण्याची आमटी झाली. मी ती दोनदा वाढून घेतली आणि चांगली झाली असं म्हणालो नाही. आठवणीत मागं मागं जातो तेव्हा माझ्या हेव्याचं पहिलं टोक मला त्या आमटीच्या वाटीत सापडतं.

इरा तेव्हा लहान होती. लहानपणापासून खाणीजवळचे खडे उचलून ती माझ्याकडे आणायची आणि मी तिला नाव सांगायचो. केतकी आल्यावर ती खडे केतकीकडे नेऊ लागली. केतकी नाव सांगायची नाही. ती खड्यावर बाटलीतलं पाणी ओतायची आणि विचारायची, आता काय दिसतं? सुकलेला दगड गप्प असतो, ओला केला की त्याचे रंग वर येतात. इरा तासन्‌तास ओले खडे बघत बसायची. एकदा मी मधे पडून सांगायला लागलो तर म्हणाली, "बाबा, यू एक्सप्लेन लाइक टेक्स्टबुक लाह." मृणाल हसली. केतकी हसली नाही, उलट तिनं सावरून घेतलं, की टेक्स्टबुकं लिहिणारेच लोक असे बोलतात. ते सावरून घेणं मला इराच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

खोऱ्यात आम्ही पोचलो तेव्हा वरच्या उतारांवर रेवंदचिनीची मोठी पानं लाल होऊन लोळत होती. तंबू नदीकाठी होते. नदीचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरट, कारण वरची हिमनदी खडक दळून त्याचं पीठ त्यात सोडत असते. सकाळी बादलीवर बर्फाची पापडी असायची. ती बोटानं फोडताना जो आवाज व्हायचा तो मला या धुरात उभं राहूनही ऐकू येतो. दुपारी वरून कुठूनतरी हिमनदी कडकडायची आणि मग खोऱ्यात इतकं शांत व्हायचं की माणूस स्वतःचा श्वास ऐकून दचकावा. दोरजे नावाचा तिथलाच एक वाटाड्या आमचा स्वयंपाकही करायचा. कुकरच्या शिट्या त्या उंचीवर फसव्या असतात, त्यामुळे खिचडी रोज एकतर कच्ची किंवा पिठलं. त्यावरून तो आणि केतकी रोज भांडायचे आणि रोज हसायचे. मी त्या खोऱ्यात केतकीच्या कितीतरी आधीपासून जात होतो. दोरजे माझ्याशी कधी असा हसला नव्हता.

ती पहाटे उठायची आणि कुठंतरी जाऊन यायची. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. मी तंबूच्या तोंडाशी चहाचा पेला धरून बसायचो आणि ती वरच्या हिमोढावरून, म्हणजे हिमनदीनं कडेला रचून ठेवलेल्या दगडगोट्यांच्या बांधावरून, शेळीसारखी उड्या मारत खाली यायची. दोरजे एकदा मला म्हणाला, "मॅडम को पत्थर बुलाते हैं, साब को सिर्फ चाय." मी हसलो. त्या दिवशी मी चहाचा दुसरा पेला घेतला नाही.

तो खडक तिला असाच एका पहाटे दिसला.

आमच्या शाळेच्या भूगोलात मेषशिला नावाची आकृती असायची, बसलेल्या मेंढीसारखी. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं तुटलेली. आम्ही ती परीक्षेपुरती काढली. ही मेषशिला तशीच होती, नदीच्या अलीकडच्या काठाला, एका डबक्याशेजारी. मी तिला चांगला ओळखत होतो. आधीच्या कितीतरी फेऱ्यांत मी तिच्यावर बसून डबा खाल्ला होता. उन्हात तापलेली सपाट पाठ, टेकायला सोयीची. जेवायला बसायची जागा, यापलीकडे मी तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

केतकी मला तिथं घेऊन गेली तेव्हा ऊन नुकतंच कड्यावरून आत आलं होतं. तिनं बाटलीतलं पाणी खडकाच्या पाठीवर ओतलं, ओणवी झाली आणि चक्क गाल टेकवून एका डोळ्यानं पृष्ठभागाकडे बघू लागली. तिनं मलाही तसंच बघायला सांगितलं. मी म्हणालो, माझे गुडघे. ती म्हणाली, बरं, मी सांगते. आणि सांगू लागली. नव्यानं टाकी लावलेल्या पाट्यावर असतात तशा बारीक रेघा, सगळ्या खोऱ्याच्या दिशेनं. हिमनदीच्या पोटात अडकलेले दगड खडकावरून घासत गेले त्याचे ओरखडे. ते ठीकच होतं, ते खोरंभर आहेत. पण त्यांच्यावरून, त्यांना कापत, आणखी रेघा होत्या. आडव्या. बाजूच्या घळीतून येणाऱ्या. म्हणजे मोठी हिमनदी मागं हटल्यावर बाजूची छोटी हिमनदी इथपर्यंत उतरली होती आणि तिनं त्याच पाटीवर दुसऱ्या हातानं लिहिलं होतं.

आता मी एक गोष्ट सांगायला हवी. बाजूची ती छोटी हिमनदी खोऱ्याच्या तळापर्यंत कधी उतरलीच नाही, असं मी लिहिलं होतं. छापून आलेलं होतं. लोक ते आधाराला घेत होते. केतकीनंही तिच्या प्रबंधात घेतलं होतं. हे तिच्या लक्षात आलं नसेल असं नाही, पण तिनं त्याचा उल्लेख केला नाही. ती फक्त आनंदात होती, केसांना पाणी लागलेलं, गालावर खडकाची माती. मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाली, सर, इरासाठी एक फोटो काढा ना. मी काढला. खडकाला गाल लावून हसणारी केतकी. तो फोटो नंतर इरानं आपल्या टेबलासमोर चिकटवला आणि तो तिथं वर्षानुवर्षं राहिला. मुलीच्या खोलीत दिवा बंद करायला गेलो की मला तो दिसायचा.

आपलं लिहिलेलं चुकीचं ठरणं मी सहन केलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. या धंद्यात ते होतच असतं. ज्याच्यावर बसून मी पोळीभाजी खाल्ली तिथं तिला हे दिसलं, आणि मला इतक्या वर्षांत दिसलं नाही, ते सहन झालं नाही. मला तिच्या गुडघ्यांचा हेवा वाटला, तिच्या पहाटेचा वाटला, तिला हसवणाऱ्या दोरजेचा वाटला. त्या खडकाचाही वाटला. मला न दाखवता त्यानं तिला दाखवलं, असं काहीतरी वेडगळ माझ्या मनात दिवसभर फिरत होतं.

संध्याकाळी गुण द्यायचे होते. त्याआधी बाकीचे चहाला थांबले आणि मी पुढं गेलो. एकटा. ऊन तिरपं झालं होतं. इकडंतिकडं पाहून मी बाटलीतलं पाणी ओतलं, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर बसलो आणि गाल टेकवला. खडक थंड होता. रेघा होत्या. एका दिशेच्या, आणि त्यांना कापत जाणाऱ्या दुसऱ्या दिशेच्या, इतक्या स्पष्ट की एखाद्या शाळकरी मुलानंही बोट ठेवून दाखवल्या असत्या. इतकी सुंदर गोष्ट मी त्या खोऱ्यात दुसरी पाहिलेली नाही. मी उठलो, गाल पुसला, आणि ते आल्यावर दुसरीकडूनच येतोय असा चेहरा केला.

आम्ही पाठमोरे बसलो. माझ्या मागं तिची पेन्सिल भरभर चालताना ऐकू येत होती. तिनं शास्त्रीय मोलाला पाचपैकी पाच दिले होते, आणि ही जागा फार नाजूक आहे, इथं माणूस जाताच कामा नये, असं लिहिलं होतं. मी दोन दिले. पुढं लिहिलं, खोऱ्यात इतरत्रही आढळणारा प्रकार.

सिंगापूरला उतरलो तेव्हा हेझ इतका होता की विमानतळावरून येताना रस्त्यावरचे दिवे दुपारीच लागलेले दिसले. मृणालनं खिडक्यांच्या फटींना ओले पंचे लावले होते. विद्यापीठातल्या माझ्या खोलीच्या काचेबाहेर नुसतं पिवळट काहीतरी होतं. त्या खोलीत आम्ही फरकांवर बोलायला बसलो. बाकीचं पटापट झालं. मग मेषशिला आली.

मी फार प्रेमानं बोललो. तेच मला आज सर्वांत जास्त टोचतं. मी म्हणालो, तुला ती सापडली म्हणून ती मोठी वाटतेय, असं होतं, तुझ्या वयात माझंही व्हायचं.

"पण सर, दोन दिशा आहेत."

"एक हिमनदीची आहे. दुसरी घोड्यांच्या नालांची असणार. नाल घसरले की असेच ओरखडे उठतात."

"घोड्यांची वाट तर नदीपलीकडून आहे ना?"

"आता आहे. जुनी वाट अलीकडून होती. मी पहिल्यांदा आलो तेव्हा त्याच वाटेनं आलो होतो."

तिच्या जन्माआधीचा नव्हे, पण तिच्या त्या खोऱ्यात येण्याआधीचा माझा भूतकाळ. तिला तो तपासता येणार नव्हता. हे खोटं फक्त मीच बोलू शकत होतो आणि फक्त तिच्याशीच. मग खोडरबर घेऊन तिनं पाचाचा आकडा पुसला.

"मग मी तीन करते, सर. मला तसं दिसलं खरं, पण तुम्ही म्हणताय तर असेल."

अहवालात माझं खोटं सुसंगत दिसावं म्हणून मी नदीच्या अलीकडच्या काठाला जुनी घोडेवाट असल्याचंही लिहून टाकलं. एका ओळीत. त्या ओळीकडे कुणाचं लक्ष जाईल असं मला वाटलं नव्हतं.

केतकीनं पुढच्या वर्षी संशोधन सोडलं. कंत्राटी कामांचा कंटाळा आलाय म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं. मलाही पटवून घेता आलं. तिच्या नव्या नोकरीसाठी मी इतकं भरभरून शिफारसपत्र लिहिलं की मला वाटलं, फिटलं. ती बोगद्यांसाठी जमीन तपासणाऱ्या एका कंपनीत लागली, लग्न केलं, पासिर रिसला राहायला गेली. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. दिवाळीला मेसेज यायचा, इराच्या वाढदिवसाला पुस्तक यायचं. ती गेल्यावर माझा हेवा संपेल असं मला वाटलं होतं. तो संपला नाही. त्याला बघायला माणूस उरलं नाही इतकंच, मग तो माझ्याकडेच बघत बसला.

यंदा हेझ सुरू झाला त्याच आठवड्यात आमच्या ब्लॉकमधला प्रसाद घरी आला. पुण्याचा, आयटीतला, ट्रेकचं वेड. तो सुट्टीत खास माझ्या खोऱ्यात जाऊन आला होता आणि मला फोटो दाखवायला उतावीळ होता. आता काय सुंदर वाट केलीय सर, म्हणाला, आमची आई पण आरामात चालली असती. मृणालनं पोहे दिले. इरा माझ्या खांद्यावरून बघत होती. नदी, रेवंदचिनी, हिमोढ. आणि मग एका फोटोत प्रसाद डबा उघडून ऐसपैस बसलेला. त्याच्या मांडीशेजारी खडकावर पिवळ्या रंगाचा मोठा बाण. मागं खडकाला भोकं पाडून, सिमेंट ओतून रोवलेला लोखंडी पाइपांचा कठडा.

तो अगदी माझ्याच जागी बसला होता. माझ्यासारखाच.

इरानं बोटांनी फोटो मोठा केला. आता ती मोठी आहे, तिच्या आवाजात पूर्वीचा लाडिकपणा नाही. "वेट, हा केतकीताईचा रॉक आहे ना? व्हाय गॉट अ‍ॅरो?" प्रसादनं उत्साहानं सांगितलं की तिथं म्हणे पूर्वापार घोड्यांची वाट होती, तीच रुंद केलीय. तिथल्या पाटीवर तसं लिहिलंय. इरा आत गेली, टेबलासमोरचा तो जुना फोटो काढून घेऊन आली आणि मोबाइलशेजारी ठेवला. एकात गाल टेकवलेली केतकी, दुसऱ्यात त्याच ठिकाणी पिवळा बाण. पोहे निवले.

प्रसाद गेल्यावर मी मृणालला सगळं सांगितलं. ती ऐकताना कोथिंबीर निवडत होती. मधे एकदाही थांबली नाही. शेवटी म्हणाली, तेव्हा तू तिच्याशी एकदम गोड वागायला लागलास, तेव्हाच मला कळलं होतं काहीतरी आहे. मी म्हणालो, आता काय करू?

"मला सांगून काय उपयोग? पासिर रिस माझ्या स्वयंपाकघरात नाही."

वनखात्याला मी त्याच दिवशी लिहिलं की ती वाट तिथं कधीच नव्हती, चूक माझी आहे, आणि निदान पुढचं तरी वाचवा. ते सोपं होतं. तिकडं मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. पासिर रिसला जायला मात्र मला आणखी दोन रविवार लागले.

बुकित पंजांगची छोटी गाडी इमारतींच्या अगदी जवळून जाते, आणि लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून तिच्या काचा तेवढ्यापुरत्या आपोआप धुरकट होतात. इतकी वर्षं मी त्या गाडीनं जातोय. त्या दिवशी काच धुरकट झाली, मग साफ झाली, आणि बाहेर पाहतो तर तिथंही धूरच. पुढं मेट्रोच्या डाउनटाउन लाइननं बुगीस, तिथून हिरव्या लाइननं अगदी शेवटच्या स्टेशनापर्यंत. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. सगळ्या वाक्यांत मी थोडा चांगला दिसत होतो, म्हणून एकेक टाकून देत गेलो.

केतकी समुद्राजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोरच्या एका टेबलाशी, आधीच येऊन बसली होती. तिनं माझ्यासाठी कमी साखरेचा तेह, इथला दुधाचा चहा, सांगून ठेवला होता, म्हणजे तिला आठवत होतं. कानाजवळ थोडे पांढरे केस. समुद्र दिसत नव्हता, नुसता त्याचा आवाज येत होता. माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, इराची झाली. मी तिचं काम विचारलं. जमिनीत खोल भोक पाडून खडकाचा दांडा काढतात, तो तुकड्यातुकड्यानं पेटीत मांडतात, आणि ती तो बघून खाली काय आहे ते सांगते. छान काम आहे म्हणाली. ऑफिसात सगळे तिची चेष्टा करतात, कारण आणखी कुणाला तरी दाखवल्याशिवाय ती सही करत नाही. परवा आलेल्या नव्या मुलालासुद्धा बोलावून विचारते, तुला पण हेच दिसतंय ना?

"खोड आहे, सर. मला कधी कधी नसलेलं दिसतं ना." ती हसून म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी मोबाइल पुढं केला. तिनं फोटो बघितला. फार वेळ बघितला. बोटानं पिवळ्या बाणाच्या कडेची जागा मोठी केली, लहान केली, परत मोठी केली. तिथं आता काहीच वाचता येत नव्हतं.

"अरेरे," ती हळू म्हणाली. मग मोबाइल माझ्याकडे सरकवला, आणि माझं वाईट वाटणं कमी व्हावं म्हणून, पूर्वी इरासमोर सावरून घ्यायची तशीच, म्हणाली, "पण जुन्या वाटेवरूनच काढली म्हणायची. म्हणजे तुमचंच बरोबर होतं, सर. नालांचेच ओरखडे."

तिनं माझं म्हणणं अजूनही खरं धरलं होतं. एवढी वर्षं, त्या दगडाच्या दांड्यांसमोर उभं राहून, रोज. समोरचा तेह निवून त्यावर साय आली होती. खोऱ्यात मी चहाचा दुसरा पेला नाकारला होता तो दिवस मला आठवला, आणि त्याच दिवशी मी मनातला हेवा बोलून टाकला असता तर एक खडक आणि एक माणूस जसेच्या तसे राहिले असते, हेही. जुळवलेलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. मग जे होतं ते बोललो.

"नाही केतकी. जुनी वाट तिथं कधीच नव्हती, ती मी रचली. तुला दोन दिशा दिसल्या त्या होत्या. त्याच संध्याकाळी, तुम्ही चहाला थांबलात तेव्हा, मी एकटा जाऊन गाल टेकवून बघितल्या होत्या. तुला दिसलं आणि मला दिसलं नाही, याचा मला हेवा वाटला, म्हणून मी ते नाही म्हणालो. तुला नसलेलं कधीच दिसलं नव्हतं. तो खडक मी घालवला, आणि तुझा तुझ्या डोळ्यांवरचा भरवसाही मीच घालवला. मला माफ कर."